अण्णासाहेबांच्या गाडीचे पंखे

आधीच सांगून टाकतो. मी भुताला कधी घाबरलो नाही, मी घाबरतो घाणीला. सगळा जन्म मोटारींच्या वायरिंगमध्ये गेला, पण उठसूट साबणानं हात धुणारा मिस्त्री म्हणून केडगावात लोक मला हसायचे. या ग्रुपवर कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या मागे पावलं वाजतात... मी वाचतो आणि सोडून देतो. तारेत करंट आहे की नाही ते टेस्ट लॅम्प लावून बघावं. लागला तर आहे, नाही लागला तर नाही. बाकी जगाबद्दलही माझं मत साधारण असंच होतं. त्यामुळे खालचं वाचून कुणाला "काका, तुम्हीसुद्धा?" असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. लिहिताना मलाच शिसारी येतेय.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली — म्हणजे त्र्याहत्तर उजाडून ऊन तापायला लागलं होतं तेव्हाची. माझं दुकान नगरजवळच्या केडगावला, पुणे रोडला लागून. पत्र्याची शेड, एक बाकडं आणि बॅटऱ्या चार्ज करायचं मशीन. थोरली बहीण, आक्का, पुणतांब्याकडे दिलेली. दाजी तिथल्या एका बड्या बागायतदाराच्या वस्तीवर ट्रॅक्टर चालवायचे आणि वस्तीवरच्याच एका खोलीत दोघं राहायची. त्या बागायतदाराचं खरं नाव लिहीत नाही, घरातले लोक अजून आहेत. सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणायचे, मीही तेच म्हणतो.

तर या अण्णासाहेबांनी नेमकी त्याच सालात गाडी घेतली. लोक मिलोच्या, रेशनवरच्या त्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी गिळताहेत, बाया तान्ही पोरं पाटीत निजवून रस्त्याच्या कामावर खडी फोडताहेत, आणि यांनी कुठल्याशा संस्थानातली जुनी परदेशी मोटार आणली. काळी, लांबलचक, पुढे चकचकीत जाळी, आत लाल चामड्याच्या सीटा. मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याची वरात या गाडीतून काढायची म्हणे. गाडीला रोज सकाळी विहिरीच्या पाण्यानं अंघोळ! आणि त्याच विहिरीवर रिकामे हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाया ती अंघोळ बघत बसायच्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या माणसाबद्दल मला काय वाटतं ते इथं लिहिलं तर ॲडमिन पोस्ट उडवतील.

दाजींना ट्रॅक्टरवरून काढून या गाडीवर घेतलं. आम्हाला वाटलं, चला, बढती झाली.

थोड्याच दिवसांनी आक्का एकटीच रेल्वेनं नगरला आली आणि स्टेशनवरून तडक माझ्या दुकानात. अशी कधी न येणारी बाई. बाकड्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "वसंता, तुज्या दाजींची नोकरी चालली रं."

"का? काय केलं त्यांनी?"

"केलं न्हाई म्हनून तर चालली."

मग सगळं बाहेर आलं. अण्णासाहेबांकडे नवीन यंत्र दारात आलं की त्याला कोंबडं द्यायची रीत होती. विहिरीवरचं इंजिन असो, नाहीतर ट्रॅक्टर. आणि रीत अशी, की जो ते चालवणार त्यानंच स्वतःच्या हातानं कापायचं. ट्रॅक्टर आला तेव्हा दाजींनी कापलंही होतं. पण मधल्या काळात त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली, आणि या गाडीच्या वेळी ते हात जोडून म्हणाले, मला जमणार नाही. अण्णासाहेबांची आई होती, तिला सगळे थोरल्या बाई म्हणत. तिनं रागारागानं एका सालगड्याकडून कोंबडं कापून घेतलं आणि त्याचं रक्त गाडीच्या पुढच्या जाळीवर चांगलं शिंपडून घेतलं. जाळी म्हणजे गाडीचं तोंड ना! वर रोज एक नारळ फोडून त्याचं पाणीही त्याच तोंडात.

आणि त्यानंतर गाडीचे पंखे थांबेनात. गाडी बंद, किल्ली खिशात, तरी पुढचे पंखे आपले घरघरताहेत. सकाळी बॅटरी उतरलेली. गडी लावून धक्का मारायचा तेव्हा गाडी चालू व्हायची.

"थोरल्या बाई म्हनत्यात, डायवरनं मान दिला न्हाई म्हनून गाडी कोपलीया," आक्का म्हणाली. "आता दुसरं कोंबडं आनून बांधलंय. वरातीच्या आधी माळ काढून त्यांनीच कापायचं, न्हाईतर खोली खाली करायची."

"मग दाजी काय म्हणतात?"

"काय म्हनत्याल? बसून ऱ्हात्यात नुसते. कापलं तर त्यो मानूस पुन्ना धड जेवायचा न्हाई, मला ठावं हाय. आन् न्हाई कापलं तर खडी फोडायला जायाचं. त्यांचा दमा तुला म्हायती हाय, वसंता. त्या धुळीत किती दिस टिकत्याल ते?"

ती रडली नाही. पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत बसली होती. मला संताप आला. म्हणालो, "आक्का, गाडी कोपत नसते. कुठंतरी काहीतरी चिकटलेलं असतं. मी काढून दाखवतो."

पंख्यांचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेव्हाच्या गाड्यांना इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा एकच पंखा असायचा. या गाडीला त्याशिवाय जाळीच्या आत, रेडिएटरच्या पुढे, विजेचे दोन पंखे बसवलेले होते. संस्थानच्या मिरवणुकीत गाडी माणसाच्या पावलानं चालणार, रेडिएटर उकळणार, म्हणून तिथल्या कुणी ही सोय केलेली. पाणी तापलं की रेडिएटरवरचा स्विच जोडला जाणार, तो रिलेला, म्हणजे डबीतल्या दुसऱ्या मोठ्या स्विचला, चालना देणार, आणि रिले बॅटरीचा करंट पंख्यांना सोडणार. पाणी निवलं की सगळं बंद. पंखे गार गाडीतही थांबत नाहीत, म्हणजे एकतर स्विच चिकटलाय, नाहीतर रिले, नाहीतर तारेला तार लागलीय. चौथं काही नसतं, असा माझा समज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आक्काबरोबर पुणतांब्याला उतरलो. वस्ती स्टेशनपासून चांगली लांब, दोन्ही बाजूंनी वाळलेला ऊस. वाऱ्याचा पत्ता नाही. गाडी जुन्या गोठ्यात उभी केली होती. गोठा तीन बाजूंनी बंद, पुढे मोकळा. खांबाला पायात दोरी बांधून ते दुसरं कोंबडं ठेवलेलं, चोच उघडी टाकून धापा टाकत होतं. पंखे चालू होते. आणि वास... गोठ्याच्या दारातच नाकाला रुमाल लावला मी.

अण्णासाहेब खुर्ची टाकून सावलीत बसले होते. "या मिस्त्री. बघा तुमची इद्या. आमी तर म्हनतो, यात इद्येचं काम न्हाई."

मी बॉनेट उघडलं. रेडिएटरला हात लावला, गार. स्विचची तार काढली, पंखे चालूच. म्हणजे स्विच निर्दोष. राहिला रिले. ती डबी जाळीच्या अगदी पाठीमागे, खालच्या अंगाला बसवलेली. पडून, हात घालून, झाकणाचा स्क्रू काढला आणि झाकण माझ्या हातात आलं... आतलं माझ्या मनगटावर.

वाळून काळं पडलेलं रक्त. त्यात चिकटलेली पिसं. नारळाचं आंबलेलं पाणी, हळदकुंकवाचा लगदा, आणि त्या सगळ्यात पांढऱ्या अळ्या. मनगटावरून कोपराकडे ओघळ आला तो मी पाहिला आणि गोठ्यामागे जाऊन भडाभडा ओकलो. अण्णासाहेब हसत होते ते ऐकू येत होतं.

पण जीव सुखावलाही होता, कारण दोष सापडला होता! त्या घाणीनं रिलेची दोन टोकं एकमेकांना घट्ट चिकटून बसली होती, सुटायलाच तयार नाहीत. डबी काढली, पंखे धाडकन थांबले. रॉकेलनं धुतली, टोकं पॉलिश पेपरनं घासली, पुन्हा बसवली. पंखे बंदच. गाडी चालू करून तापवली, पंखे लागले. निवली, थांबले. शहाण्यासारखे.

सगळी घाण मी एका कागदावर घेतली आणि अण्णासाहेबांच्या पुढ्यात धरली. "हे बघा तुमच्या गाडीचं कोपणं. दाजींनी कोंबडं कापलं नाही म्हणून नाही, कापलेलं कोंबडं तिच्या तोंडात ओतलं म्हणून पंखे चालत होते."

"लांब न्या ते!" त्यांनी नाक दाबलं. मग नाइलाजानं, "म्हंजी डायवरचा काय दोष न्हाई म्हना."

"काडीचा नाही."

"बरं. ऱ्हाऊ द्या मग त्याला."

दाजी खांबाशी उभे होते. त्यांनी डोळे मिटून माळ कपाळाला लावली. आक्कानं खोलीवर जाऊन पिठलं टाकलं. मला जेवण जाईना. हात रगडून रगडून धुवावेसे वाटत होते, पण पाणी म्हणजे आक्कानं कुठून कुठून आणलेला एक हंडा. तांब्याभर घेतलं, दुसरा मागायची लाज वाटली. पलीकडे धुतलेल्या गाडीखाली अजून चिखल होता, आणि मी हातांचा वास येऊ नये म्हणून ते मांडीखाली घालून बसलो. दाजी मात्र लग्न झाल्यापासून कधी बोलले नसतील इतके बोलत होते.

जेवणं झाली, वस्ती दुपारची कलंडली. माझे पाने-पक्कड गोठ्यातच होते ते आणायला गेलो. आता मी जे लिहितोय ते जसं झालं तसंच लिहितोय, कमी नाही, जास्त नाही.

पंखे चालू होते.

पहिला विचार, रिले पुन्हा चिकटला. झाकण काढून पाहिलं, टोकं सुटी, मध्ये चांगली फट. मग पंख्याच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावला. लागला नाही. लॅम्प गेला असेल म्हणून बॅटरीला लावून बघितला, तिथं लख्ख लागला. पुन्हा पंख्याला, नाही. करंट नाही आणि पंखे फिरताहेत! बॅटरीचं टर्मिनल काढून बाजूला केलं. फिरताहेत. शेवटी पक्कड घेऊन दोन्ही पंख्यांच्या तारा मोटरजवळच तोडल्या. तुटलेली टोकं माझ्या बोटांत, आणि पंखे फिरताहेत...

वारा म्हणाल तर नव्हता. छपराला लोंबणारं जळमट हलत नव्हतं.

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की तोंडावर हवा लागतेय. मी गाडीच्या पुढे, जाळीसमोर बसलो होतो. पंखे हवा आत ओढतात, रेडिएटरकडे. सकाळी मी जाळीला कागद लावून पाहिलं होतं, तो आत चिकटला होता. आता हवा बाहेर येत होती. गरम, ओलसर. ज्यांच्या घरी कोंबडं कापतात त्यांना हा वास ठाऊक असेल... पिसं काढायला ते उकळत्या पाण्यात बुचकळतात ना, तेव्हा वाफेबरोबर येतो तो. गार पडलेल्या गाडीतून, कोरड्या ठणठणीत दुपारी, ती वाफ माझ्या तोंडावर येत होती. ओठावर ओल आली. मी ती चाटली नाही, पण तोंड उघडं होतं, काय गेलं आत देव जाणे. रुमालानं पुसलं तर रुमालावर मातकट डाग. आजही हे लिहिताना मी दोनदा उठून चूळ भरून आलोय. खांबाचं कोंबडं आवाज न करता दोरीच्या टोकापर्यंत मागं सरकून बसलं होतं.

भीती वाटली का? आधी किळस वाटली. इतकी की भीतीला जागाच उरली नाही.

आणि मग घराकडून आवाज आला. थोरल्या बाई. "आरं, परत लागलं जनू त्ये! अण्णा, ऊठ, पंखं वाजत्यात बघ!" पाठोपाठ अण्णासाहेबांच्या वहाणा करकरल्या.

त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच आलं, की या दोघांनी तुटलेल्या तारा आणि फिरणारे पंखे एकत्र पाहिले की संपलं. मिस्त्रीनं तारा तोडल्या तरी गाडी थांबेना, म्हणजे कोपलीच आहे. मग दाजींच्या गळ्यातली माळ निघणार आणि हातात सुरी येणार. नाहीतर खडी. सकाळी मीच छातीठोकपणे सांगितलं होतं की दोष काढलाय. आता मीच साक्षीदार होणार होतो, की दोष काढूनही पंखे चालतात.

मी तुटलेल्या तारा घाईघाईनं एकमेकींना पिळून जोडायला लागलो. निदान तार जोडलेली दिसू दे, म्हणजे विजेवर तरी चालतात असं म्हणता येईल. बॅटरी सुटी पडलीय, हे लक्षातही नव्हतं. एक जोडली, एक पंखा थांबला. दुसरी जोडली, दुसराही थांबला. तोडल्यावर फिरणारे पंखे जोडल्यावर थांबले. 

"आत्ता वाजत हुतं ना?" अण्णासाहेब दारात.

"हो," मी म्हणालो. "माझी चूक झाली. तार उलटी लावली होती मी. आता नीट केली."

"उलटी?"

"हो. माझंच चुकलं. गाडीत काही नाही आता."

थोरल्या बाई आत आल्या, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सकाळधरनं गाडी खोलून बसलाय आन् याला तार लावता येत न्हाई? कुटनं आनलाय गं बाई ह्यो!"

अण्णासाहेबांनी मग जो तोंडाचा पट्टा सोडला तो काय सांगू. नगरचे मिस्त्री म्हणजे नुसते पांढरपेशे, रुमाल नाकाला लावून गाडी दुरुस्त करणारे, आमचा सालगडी बरा... गडीमाणसं जमली होती, हसत होती. ज्या माणसाच्या सावलीला उभं राहायची मला किळस यायची, त्याच्यापुढे मी मान खाली घालून "चुकलं, चुकलं" म्हणत होतो. आवाज ऐकून दाजी धावत आले. त्यांना काय झालंय ते कुणीतरी सांगितलं, आणि ते सगळ्यांसमोर मला म्हणाले, "आरं वसंता, असं कसं केलंस? माजी अब्रू घालवलीस की रं!"

मी बॅटरीकडे वळलो. टर्मिनल जोडलं, तारांना टेप गुंडाळली, हत्यारं पिशवीत भरली. पंखे पुन्हा लागले नाहीत.

वरात झाली. गाडी तापली की पंखे लागायचे आणि निवली की थांबायचे. ते खांबाचं कोंबडं वरातीच्या आदल्या दिवशी जेवणात गेलं, असं आक्कानं सांगितलं. मी तिला म्हटलं, यापुढे माझ्यासमोर असलं काही बोलत जाऊ नको. तेव्हापासून कोंबडी मी खाल्लेली नाही, शिजत असेल त्या घरात थांबतही नाही.

दाजींना मी खरं कधी सांगितलं नाही. माळ घातल्यापासून तो माणूस खोटं बोलायचा नाही. सांगितलं असतं तर त्याच पावली अण्णासाहेबांकडे जाऊन म्हणाले असते, पंखे तारेवाचून फिरत होते, माझा मेव्हणा मला वाचवायला खोटं बोलला. मग कशाला ते सगळं? ती गाडी विकली जाईपर्यंत त्यांनी ती चालवली, मग पुन्हा ट्रॅक्टर. खडीवर जायची वेळ आली नाही, आणि माळ गळ्यातच राहिली. अण्णासाहेब गेल्यावर सांगता आलं असतं. पण तोवर दाजींना ती गोष्ट फार आवडायला लागली होती. लग्नकार्यात, पंगतीत, नव्या जावयांपुढे — "आमचा मेव्हना मोटा मिस्त्री, पर साधी तार लावता येईना गड्याला!" लोक हसायचे. मी ताटात बघायचो. दरवेळी तोच वास यायचा.

दाजी वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. दहाव्याला आम्ही पुणतांब्याला नदीवर गेलो होतो. आक्का दहा दिवस बोललीच नव्हती, पोरांना तिची काळजी वाटत होती. घाटावर बसल्या बसल्या तिनं माझ्याकडे बघितलं आणि एकदम म्हणाली, "वसंता, तुला ती तार लावता आली न्हाई तवा हे कसं रागावलं हुतं, आठवतं का?" आणि हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पोरंही हसायला लागली.

मी म्हणालो, "आठवतं. तार उलटी लावली होती मी."

आता तीही नाही, म्हणून हे लिहितोय. तुमच्यात कुणी इंजिनिअर असतील त्यांनी सांगावं — तार तोडली की फिरतो आणि जोडली की थांबतो असा पंखा कसा असू शकतो, गार गाडीतून वाफ कशी येते. मी माझ्या परीनं सगळं ताडून पाहिलं, मला उत्तर मिळालं नाही. आमच्या घरात मात्र सगळ्यांना उत्तर माहीत आहे. ते म्हणजे मी.